मशीन बघायला जाताना पीठ आपलं न्यावं

गौराक्कांनी मला धाराशिवात जगवलं, हे आधी लिहून ठेवतो. पुढं जे सांगणार आहे त्यात मशिनी आहेत, सोलापूरचा एक व्यापारी आहे, सरहद्दीवरचा मुन्शी आहे, माझे मालक संगाप्पा आहेत. पण वाचताना कुणाला असं वाटायला नको की हे सगळं मी माझ्या अकलेवर निभावलं. माझी अक्कल मराठी चौथीत शाळेबरोबरच सुटली. गौराक्का म्हणजे संगाप्पांच्या खानावळीत भाकऱ्या थापणाऱ्या पाच बायांतल्या थोरल्या. गाव तामलवाडी. नवरा लवकर वारलेला, मुलगी नांदायला गेलेली, आणि उजवा खांदा रोजच्या मळण्यानं उतरलेला. मी त्यांना अक्का म्हणायचो, त्या मला तम्मा म्हणायच्या. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला कुणीतरी पुष्कळ दिवसांनी सांगितलं. तोवर मला ते माझंच नाव वाटायचं.

धाराशिवानंतरचं माझं सगळं आयुष्य भटारखान्यात गेलं. पुण्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापायला लागलो आणि तिथलाच मुख्य म्हणून निवृत्त झालो. आता घरी बसलो तरी माणसं येतात. कुणी मेस काढतो, कुणी मंगल कार्यालय. येतात आणि विचारतात, "काका, कणकेचं मशीन घ्यायचंय. लहान घेऊ का मोठं?"

मी विचारतो, "मळणार काय?"

"पीठ."

"ते कळलं. कसलं?"

मशीन बघायला निघालेला माणूस मशीनचा विचार करत असतो, पिठाचा नाही. मग मी त्यांना चहा देतो आणि चार गोष्टी सांगतो. मशीनवर जे माप लिहिलेलं असतं ते कोरड्या पिठाचं की भिजलेल्या गोळ्याचं, हे आधी विचारावं. दोन्हींत फार फरक पडतो. भांडं काठोकाठ भरलं तर कुठलंच मशीन नीट मळत नाही, आणि तळाशी मूठभर पीठ असलं तरी मळत नाही. तेव्हा सणाच्या दिवशी किती लागतं ते बघू नये, रोज किती लागतं ते बघावं. आतला हात कसा आहे ते बघावं. आकड्यासारखा वाकडा हात कणकेला ओढून ताणतो. चपटा पंजा नुसतं कालवतो, तो बेसनाला ठीक, पोळीला नाही. भांडं सुटं होतं का, धुताना हात कोपऱ्यापर्यंत पोचतो का, आणि आतलं दात्यांचं चाक झिजलं तर आपल्या गावात ते कोण घडवून देईल, हेही विचारावं. आणि सगळ्यात शेवटी, दुकानात जाताना पीठ आपलं न्यावं. दुकानदाराचं पीठ दुकानदाराचं ऐकतं.

ही शेवटची गोष्ट माझी नाही. ती गौराक्कांची आहे, आणि ती कशी मिळाली तेच सांगायला बसलो आहे.

मी मूळचा कोकणातला, देवरुखच्या पलीकडच्या एका वाडीतला. लढाईच्या दिवसांत पुण्याच्या छावणीत लष्कराच्या बेकरीत कामाला होतो. तिथं पाव मळायचं मोठं मशीन होतं. ते चालवायला दुसरी माणसं होती. माझ्याकडं काम होतं ते मशीन धुण्याचं. लढाई संपली, छावणीतली माणसं पांगली आणि आम्हांला घरी जा म्हणाले. घरी जाऊन खाणार काय, हा प्रश्न होता. एका लॉरी ड्रायव्हरनं मला सोबत घेतलं आणि निजामाच्या मुलखात धाराशिवाला आणून संगाप्पांच्या दारात सोडलं. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद. बोलताना मात्र सगळे धाराशिवच म्हणायचे.

कचेरीजवळची ही खानावळ. तारखेला आलेले पक्षकार, त्यांचे साक्षीदार, बाजाराला आलेले शेतकरी, असे लोक जेवायला यायचे. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, पातळ आमटी, कांदा. मी भात खाणारा माणूस. पहिल्या दिवशी भाकरीचा घास माझ्या घशात असा अडकला की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी सगळंच काही घासाचं नव्हतं. मी पान तसंच सारलं आणि भांडी घासायला उठलो. गौराक्का चुलीपुढून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्या पानात जोंधळ्याच्या मऊ शिजवलेल्या कण्या पडल्या, वर ताक.

"भात न्हाय तम्मा," त्या म्हणाल्या, "पर भातावानी हाय. डोळं झाकून खा."

डोळे झाकून खाल्लं. कितीतरी दिवस त्या माझ्यासाठी वेगळ्या कण्या शिजवत राहिल्या, आणि कण्यांत रोज थोडी भाकरी कुस्करत गेल्या. एक दिवस पानात नुसती भाकरी होती आणि मी ती खाऊन उठलो होतो.

त्या खानावळीत एक रीत होती. मोडकी भाकरी गिऱ्हाइकाच्या पानात जात नसे. तव्यावर फाटलेली, उचलताना तुटलेली, कडेला चिरलेली, अशी प्रत्येक भाकरी एका टोपलीत बाजूला पडायची आणि गिऱ्हाइकं उठल्यावर बाया ती खायच्या. अख्खी भाकरी विकायची, मोडकी बायांची. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही.

त्याच थंडीत संगाप्पांच्या मनात मशीन आलं. कचेरीतल्या बाबू लोकांची मेस चालवायला मिळेल असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बाबू लोकांना गव्हाची पोळी लागायची. अप्पांनी डोक्यात गणित घातलं की एकच मोठं मशीन आणावं, त्यात पोळीचीही कणीक मळावी आणि भाकरीचंही पीठ. सोलापुरात एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यानं लष्कराचा जुना माल घेतल्याची बातमी त्यांच्या कानावर होती.

त्यांनी मला बोलावलं. "तू मिल्ट्रीत मशीनवर व्हतास न्हवं?"

"अप्पा, मी ते धूत होतो."

"धुणाऱ्यालाच सगळं सांधं ठावं असत्यात. सोलापूरला चल माझ्यासंगं."

मी दोनदा सांगितलं की मला मशीनची पारख नाही. त्यांना तो माझा विनय वाटला. मग आवाज उतरवून म्हणाले, "मशीन आलं की भाकरीवर तिघी बास. तू मशीनवर. कायमचा. गौराक्काचा हात बी आता मंद झालाय, तिला घरी आराम पडंल."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. मला कायमचं असं आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं. ती भाकरी पोटात घालायला मला शिकवणारी बाई घरी जाणार आणि तिच्या जाण्यातून माझी जागा होणार, हे मला कळत होतं. अप्पांना नाही म्हटलं तर मी पुन्हा रस्त्यावर, हेही कळत होतं. भीती माझ्या अंगात लहानपणापासूनची आहे, आजही जात नाही.

बायांच्या कानावर गोष्ट गेलीच. निलव्वा नावाची एक तिखट जिभेची बाई होती. ती थापता थापता म्हणाली, "आमचं हात मोडलं म्हून लोखंडाचं हात आणत्यात व्हय? मशीन भाकरी करणार, मग आमी काय थापायचं? शेण?"

"शेणाला बी निघंल गं मशीन," दुसरी म्हणाली.

"निघू दे. ते बी हा मिल्ट्रीवालाच धुईल."

सगळ्या हसल्या. गौराक्का हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. निघायच्या सकाळी मात्र त्यांनी माझ्या हातात एक फडक्याचं गाठोडं दिलं.

"हे काय अक्का?"

"पीठ."

"तिथं असतं की पीठ."

"तिथलं पीठ तिथल्या मशीनला सवयीचं. पायताण घ्यायला जातूस तवा पाय आपला नेतूस का शेजाऱ्याचा?"

मोटारीत गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. पीठ ऊबदार होतं, ताजं दळलेलं. अप्पा शेजारी खुशीत होते. हाली रुपये देऊन इंग्रज सरकारचे कळदार रुपये त्यांनी आधीच करून घेतले होते, कारण निजामाचं नाणं सोलापुरात चालायचं नाही. वाटेत भेटेल त्याला सांगत होते की मशीन आणायला चाललोय.

व्यापाऱ्याच्या आवारात तीन मशिनी होत्या. सगळ्यात मोठं पट्ट्यावर चालणारं, आडव्या लोखंडी हौदात दोन वाकडे हात. दुसरं उभं, तेही इंजिनावरचं. तिसरं कोपऱ्यात, एखाद्या पिंपाएवढं, हातानं फिरवायचं. त्याच्याकडं कुणी बघतही नव्हतं. व्यापाऱ्याच्या माणसानं मोठ्या मशीनमध्ये मैदा ओतला, इंजिन सुरू केलं, पाणी सोडलं. लोखंडी हात फिरले आणि बघता बघता मैद्याचा पांढराशुभ्र, गुळगुळीत गोळा झाला. तो हाताला ओढला की लांब व्हायचा आणि सोडला की आखडायचा.

अप्पा हौदावर वाकून बघत होते. "लोण्यावानी झालं की रं. काय म्हणतूस?"

त्या क्षणी "घ्या" एवढंच म्हणायचं होतं. मला जागा मिळत होती, अप्पांना मशीन. मी म्हणालो, "शेठजी, उकळतं पाणी मिळेल का?"

व्यापारी हसला. "कशाला? मशीनला आंघोळ घालणार?"

इथं बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. गव्हाच्या पिठाला ताण असतो. ते मळावं तितकं एकजीव होतं, झाकून ठेवलं तर आणखी मऊ पडतं. ज्वारीला ताण नसतोच. तिला चिकटपणा आणावा लागतो तो उकळत्या पाण्यानं आणि तळहाताच्या रेट्यानं. धाराशिवाकडं त्या चिकटपणाला विरी म्हणतात. ती विरी आली की लगेच थापायचं आणि लगेच तव्यावर टाकायचं. म्हणून थापणारी बाई एका वेळी एका भाकरीपुरतंच पीठ मळते, फार तर दोन भाकऱ्यांचं. थोडा वेळ गेला की पीठ चिरतं. हे मला तेव्हा असं सांगता आलं नसतं. मी फक्त रोज बघत होतो की अक्का कधीच मोठा गोळा करून ठेवत नाहीत.

शेजारच्या हॉटेलातून पाणी आलं. मी गाठोडं सोडलं आणि मशीन परत सुरू करवलं. पीठ पाण्याबरोबर आधी हौदाच्या कडांना जाऊन बसलं. लोखंडी हात मधल्या मध्ये फिरत राहिले. मी लाकडी उलथन्यानं कडा खरवडून पीठ आत ढकललं. पुष्कळ वेळानं गोळा म्हणता येईल असं काहीतरी झालं. ते घेऊन मी हॉटेलवाल्याच्या चुलीशी गेलो. पहिली भाकरी कशीबशी तव्यावर पडली. दुसरीच्या कडा चिरल्या. तिसरी उचलताना हातातच मोडली.

अप्पा म्हणाले, "तुला थापायला येत न्हाय."

हे खरं होतं. मग ते स्वतः बसले. धोतर सावरून, एवढा मोठा खानावळवाला माणूस सोलापुरात रस्त्याकडेच्या चुलीपुढं बसला. त्यांनी बायकांना थापताना आयुष्यभर पाहिलं होतं. त्यांचीही भाकरी थापता थापताच मधून फाटली. व्यापाऱ्याचा माणूस तोंडावर हात ठेवून हसू लागला. तव्यावर भाजलेले माझेच तुकडे अप्पांनी उचलले, मीठ मागून घेतलं आणि उभ्या उभ्या खाल्ले. मोडकी भाकरी त्यांच्या तोंडात मी पहिल्यांदा बघितली.

मग म्हणाले, "कचेरीत सांगून बसलोय मी. रिकाम्या हातानं जाऊन काय तोंड दाखवू? आन् मशीनच न्हाय तर मशीनवाला कशाला लागतोय?"

ते रागानं बोलले नाहीत, म्हणून मला ते जास्त लागलं. मी गाठोड्याचं फडकं झटकायला घेतलं, निदान ते तरी अक्कांना परत न्यावं म्हणून. तर फडक्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक गाठ होती. इतका वेळ मला वाटलं होतं की ते नुसतं फडक्याचं बोचकं आहे. सोडली तर आत गव्हाचं पीठ. आमच्याच खानावळीतलं, कोंड्यासकट, लालसर. बाबू लोक कधी जेवायला आले की याच पिठाच्या पोळ्या व्हायच्या. मळायच्या गौराक्का, परातीपुढं गुडघ्यावर बसून, अंगाचा सगळा भार खांद्यावर घेऊन.

त्यांनी दोन्ही पिठं दिली होती. ज्यात मशीन हरेल ते आणि ज्यात जिंकेल तेही.

मी कोपऱ्यातल्या हाताच्या मशीनपाशी गेलो. त्याचं भांडं सुटं होत होतं. आतला हात आकड्यासारखा होता. चाकाचे दात जाड, आमच्या गावच्या लोहारालाही घडवता येतील असे. गव्हाचं पीठ टाकलं, थंड पाणी घातलं, दांडा फिरवला. थोड्या वेळानं पीठ कडा सोडून हाताला गुंडाळलं गेलं. मी अप्पांना बोलावलं.

"अप्पा, भाकरी हातानंच होईल. पोळीची कणीक ह्यात होईल. मेस घ्या. पण मग लाटायला माणसं जास्त लागतील, कमी नाही."

अप्पांनी मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "लई धाकटं हाय रं."

"आपली कणीक पण तेवढीच आहे."

त्यांनी ते घेतलं. वाटेत कुणाशी बोलले नाहीत.

सरहद्दीच्या नाक्यावर, तामलवाडीच्या अलीकडं, लॉरी अडली. ब्रिटिश हद्दीतून येणाऱ्या मालावर निजामाची जकात असायची, तिला करोडगिरी म्हणत. नाक्यावरचा मुन्शी मशीनभोवती दोनदा फिरला. हिरवा रंग, अंगावर लष्कराचा शिक्का.

"ये क्या चीज है?"

"कणीक मळायचं मशीन," अप्पा म्हणाले.

"आटा गूंधने की मशीन? मुलुख में औरतां नहीं रहीं क्या?" त्याच्याकडच्या जकातीच्या मालाच्या यादीत असं काही नव्हतं. लष्करी सामान असेल तर त्याला सोडता येत नव्हतं. तो उर्मट नव्हता, घाबरलेला होता. ते मला लगेच ओळखू आलं. शेवटी ठरलं की अप्पांनी धाराशिवाच्या कचेरीतून, हे लष्करी सामान नाही अशा खात्रीची चिठ्ठी आणावी. लॉरीवाला थांबेना. मशीन खाली उतरलं आणि राखणीला मी राहिलो.

"उद्या वेळ अमावस्या हाय," जाताना अप्पा म्हणाले. "मला शेतावर जावंच लागंल. परवा येतो. मशीनला हात लावू देऊ नकू कुणाला."

आमच्या कोकणात ही अमावस्या नसते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नाक्यावरून बैलगाड्या जायला लागल्या. गाड्यांत बाया, पोरं, झाकलेल्या टोपल्या, आंबिलीची मडकी. सगळं गाव शेतात चाललं होतं. शेतात कडब्याची खोप करून तिथं पूजा करतात आणि जो येईल त्याला जेवायला घालतात. घरात कुणी राहत नाही. मी मशीनला टेकून बसलो होतो. मुन्शी त्याच्या खोलीच्या दारात बसला होता. तोही दूरचा, हैदराबादेकडचा. दोघांपैकी कुणाला कुणी बोलावणारं नव्हतं.

ऊन चढल्यावर एक बाई डोक्यावर टोपली घेऊन रस्त्यानं येताना दिसली. चालण्यावरून ओळखलं. गौराक्का सणाला गावी आल्या होत्या. शेतावर कुणीतरी बोललं होतं की नाक्यावर एक लोखंडी पिंप आणि त्याला टेकून एक पोरगं बसलंय.

"तूच असणार म्हनलं," टोपली उतरवत त्या म्हणाल्या. "दुसरं कोण बसंल पिंपाला टेकून. मुन्शीजी, तुमी बी या. आज कुनी उपाशी ऱ्हायचं न्हाय."

मुन्शी आधी नको म्हणाला, मग आला. बाजरीचे वाफवलेले उंडे, सगळ्या शेंगांची दाट भज्जी, गार आंबील. आम्ही दोघं नुसते खात राहिलो. अक्का वाढत होत्या. मी म्हणालो, तुम्ही बसा. "शेतावर जाऊन जेवती," म्हणाल्या. मग त्या मशीनकडं वळल्या.

"हेच व्हय ते?"

"हेच. धाकटं."

"आन् जवारीचं काय झालं?"

"मोडली भाकरी. तिसरीच मोडली. अप्पांच्या हातून पण मोडली."

त्यांनी दांडा हातात घेऊन एकदा फिरवून बघितला. "मग ह्यात काय मळायचं?"

"गव्हाचं. पोळीचं."

"ते तर माझं काम."

मी खाली बघितलं. "हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "खांदा ऱ्हायलाच न्हाय माझा." मग दांडा सोडून म्हणाल्या, "आन् भाकरीला?"

"भाकरीला तुम्ही सगळ्या. अप्पांना कळलंय."

त्या पदरानं मशीनवरची धूळ पुसायला लागल्या. मी न राहवून विचारलं, "अक्का, भाकरी मोडणार हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"म्या कुटं मशीन बघितलं व्हतं? मळलं असतं तर मळलं असतं."

"मग तुम्हाला घरी जावं लागलं असतं."

"चांगलं मशीन आलं असतं तर एकदाच घरी बसले असते, तम्मा. वाईट आलं असतं तर रोज त्याचा राग आमच्यावर निघाला असता. आन् तुझ्यावर."

मुन्शी हात धुऊन आला होता. म्हणाला, "अक्का, चलाके बताव."

जवळच्या वस्तीवरून गव्हाचं पीठ आलं. अक्कांनी ते भांड्यात घातलं, पाणी सोडलं आणि डाव्या हातानं दांडा फिरवायला लागल्या. मी पुढं झालो तर मला बाजूला केलं. कणीक झाली. नाक्यामागच्या चुलीवर पोळ्याही झाल्या. मुन्शीनं एक पोळी मोडून खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि म्हणाला, "बर्तन है. पकाने का बर्तन. वैसाच लिखता हूँ." दुसऱ्या दिवशी अप्पा चिठ्ठी घेऊन आले तेव्हा मशीन अक्कांच्या दिराच्या गाडीवर चढलेलं होतं आणि मुन्शी त्याला दोरी बांधायला मदत करत होता.

मेस मिळाली. पाचही बाया राहिल्या, सहावी आली लाटायला. अप्पा येईल त्याला मशीन दाखवायचे आणि आपण मोठं मशीन कसं नाकारलं ते सांगायचे. त्या गोष्टीत मी नसायचो, आणि त्याचं मला बरंच वाटायचं. पण एक पेच उरला. हाताच्या मशीनला सकाळचा थोडाच वेळ लागायचा. त्यासाठी कायमचा मशीनवाला कशाला? हे अप्पांच्या मनात यायच्या आधी अक्कांच्या मनात आलं. एक दिवस त्यांनी आपल्या शेजारी पीठ मळायची लाकडी काठवट ठेवली आणि म्हणाल्या, "बस. थापायला शीक. हात असला की जागा ऱ्हाती."

त्या ओळीत मी एकटा पुरुष. निलव्वाला उभा जन्म पुरेल एवढा विषय मिळाला. "मिल्ट्रीनं रणगाडं सोडलं आन् काठवट धरली," ती म्हणायची. माझ्या भाकऱ्या फाटायच्या, चिरायच्या, तव्यावर पोचायच्या आधी दोन व्हायच्या. त्या सगळ्या टोपलीत पडायच्या. गिऱ्हाइकं उठली की बाया टोपली पुढं ओढायच्या आणि इतरांच्या हातांत बरे तुकडे जायचे. माझे तुकडे कच्चे, जाड, कडेला करपलेले. ते गौराक्का उचलायच्या. मी बघतोय हे त्यांना कळू नये अशा बेतानं, पण रोज. असे किती महिने गेले सांगता येत नाही. एक दिवस माझ्या भाकऱ्या टोपलीत पडेनाशा झाल्या.

त्या हातानं मला आयुष्यभर पोसलं. पुढं निजामाचं राज्य जायच्या सुमारास त्या भागात दिवस बिघडले. खानावळ काही काळ बंद पडली, मी पुण्याला आलो. कँटीनमध्ये घेताना त्यांनी विचारलं होतं, काय येतं? मी म्हणालो, भाकरी. पुढं मशिनी आल्या, विजेच्या, परदेशी, बटणाच्या. त्या मी निवडल्या, आणि प्रत्येक वेळी गाठोड्यात पीठ नेलं. व्यापारी हसायचे. हसू देत असे.

तामलवाडीला मात्र गेलो नाही. सुटी दिवाळीला मिळायची, गणपतीला मिळायची. वेळ अमावस्येची सुटी पुण्यात कोण देणार? मग लग्न, मुलं, त्यांच्या शाळा. हे सांगतोय ते मला स्वतःलाच पुरेसं वाटत नाही.

परवा अक्कांच्या मुलीचा मुलगा कसल्यातरी कामानं पुण्याला आला आणि पत्ता काढत घरी आला. अक्का आहेत. कानानं कमी ऐकू येतं, डोळ्यांवर मोतीबिंदू. अजून चुलीपुढं बसतात. मी विचारलं, जेवतात का नीट? तो सहज म्हणाला, "जेवती की. पर सगळ्यांचं झाल्यावर. मोडकं तुकडं गोळा करून. सांगून ऐकत न्हाय."

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो आणि पीठ काढलं. हात अजून चालतो का ते बघितलं. चालतो.

येत्या वेळ अमावस्येला मी तामलवाडीला जाणार आहे. तब्येत, गाडी, थंडी, पुष्कळ गोष्टींची भीती वाटते, पण जाणार आहे. पीठ तिथलंच घेईन. सगळ्यांच्या आधी अक्कांना खोपीपुढं पाटावर बसवीन आणि माझ्या हातची अख्खी भाकरी त्यांच्या पानात वाढीन. ती मोडली तर दुसरी थापीन. अक्का, तोवर थांबा.